नाईलकाठची नित्यसेवा

परोपकार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा थोर प्रसंग उभा राहतो. पुरात उडी घालून कोणी बालक वाचविले, दुष्काळात कोणी धान्याची कोठारे उघडली, जळत्या घरात कोणी निर्भयपणे शिरला. असे प्रसंग वंदनीय होत, यात शंका नाही. परंतु त्यांचे आयुष्य घटका दोन घटकांचे असते. बालक वाचले, आता दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास दूध कोणी पाजावे? दिवसास तीन भाकरी धरल्या, तरी पुढील दहा वर्षांत त्या एका मुलास दहा हजारांवर भाकरी लागतील. त्या कोणी भाजाव्या? अनाथसेवेचा खरा प्रश्न येथून सुरू होतो, आणि त्याचे उत्तर पराक्रमाने देता येत नाही. ते रोजच्या रोज, थोडे थोडे करून द्यावे लागते.

हे उत्तर ज्यांनी पन्नास वर्षे परक्या देशात, परक्या भाषेत दिले, अशा एका बाईंच्या नित्यक्रमाचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव लिलियन ट्रॅशर.

तयारी

ट्रॅशरबाईंचा जन्म २७ सप्टेंबर १८८७ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात जॅक्सनव्हिल या शहरी झाला. तरुणपणी त्यांनी उत्तर कॅरोलिनातील मॅरियन या गावी एका अनाथगृहात काही काळ काम केले. तान्ह्या मुलांस न्हाऊमाखू कसे घालावे, कापड बेतून अंगरखे कसे शिवावे, पदरी पैसा नसता मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक कसा उरकावा, हे सारे त्या तेथे शिकल्या. पुढे परदेशी जाण्याची प्रेरणा त्यांस झाली, तेव्हा त्यांचा विवाह ठरलेला होता व तो अवघ्या दहा दिवसांवर आला होता. तो त्यांनी मोडला आणि १९१० च्या ऑक्टोबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपली बहीण जेनी हिच्यासह त्या इजिप्तच्या किनाऱ्यास लागल्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात मोशेस मिसर देशी धाडल्याचा जो उल्लेख आहे, तो वाचून त्यांनी आपला देश निश्चित केला, असे त्या सांगत.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रेरणा एका क्षणी झाली खरी, परंतु हात आधीच तयार झालेले होते. ज्यास शिवता येत नाही, हिशेब ठेवता येत नाही, तापकऱ्याची शुश्रूषा करता येत नाही, त्याच्या अंतःकरणातील कळवळा अनाथ मुलाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

पहिले मूल

कैरोच्या दक्षिणेस सुमारे पावणेचारशे किलोमीटरांवर, नाईल नदीच्या पश्चिम तीरास असियूत नावाचे शहर आहे. त्या प्रांतात मुसलमानांबरोबर कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचे लोकही मोठ्या संख्येने राहतात. नदीकाठची काळी, सुपीक जमीन, आणि ती संपताच दोहों बाजूंस वाळवंट, असा तो मुलूख आहे. येथे ट्रॅशरबाई आपल्या सहकाऱ्यांसमवेत राहून अरबी भाषा शिकू लागल्या.

थोड्याच महिन्यांनी त्यांस एका मरणोन्मुख स्त्रीकडे बोलाविण्यात आले. तेथे तिची काही महिन्यांची मुलगी एका पत्र्याच्या डब्यातून नासलेले दूध चोखीत होती. आई वारली व ती मुलगी ट्रॅशरबाईंच्या हाती आली. त्यांनी तिला राहत्या घरी आणले. मुलगी अशक्त, आजारी व उपाशी. ती रात्रंदिवस रडे. घरातील इतरांस झोप मिळेना, आणि त्यांनी मुलीस परत नेऊन सोडावे असे सुचविले.

या सूचनेचा दोष त्या मंडळींस फारसा देता येणार नाही. तीही देवाच्या कार्यास आलेली माणसे होती आणि दिवसभर श्रमत होती. परंतु नेमके याच ठिकाणी दयेची व सेवेची वाट वेगळी होते. दया दिवसा येते. सेवेस रात्री उठावे लागते. दर तीन तासांनी दूध म्हटले, तर अशा तान्ह्यास चोवीस तासांत आठ वेळा पाजावे लागते, आणि त्यातील दोन तीन वेळा तरी मध्यरात्रीच्या असतात. ट्रॅशरबाईंनी मुलीस परत नेले नाही. १९११ च्या फेब्रुवारीत त्यांनी मासिक साडेबारा डॉलर भाड्याने एक लहानसे घर घेतले व त्या मुलीसह तेथे राहावयास गेल्या. असियूतच्या अनाथगृहाचा आरंभ तो हाच. त्यासाठी कोणतीही मंडळी नेमली गेली नव्हती व कोणताही निधी जमा झालेला नव्हता.

एका दिवसाचे काम

हे घर हळूहळू वाढत गेले. १९२३ च्या सुमारास मुले व विधवा मिळून तीनशेच्या आसपास माणसे तेथे नांदत होती. तीनशे माणसांचे घर चालविणे म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. माणशी तीन भाकरी धरल्या, तर रोज नऊशे भाकरी. अंगावर एक व वळणीवर एक असे दोन दोन कपडे धरले, तर सहाशे कपडे, आणि वाढत्या वयाच्या मुलांस ते वर्षभरात तोकडे होणार. सहाशे डोळे, सहाशे कान, तीनशे डोकी, आणि प्रत्येक डोक्यात उवा होण्याचा संभव.

इजिप्तच्या बोलीत भाकरीस 'एश' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जीवन असा आहे. त्या मुलखात सामान्य कुटुंबाचे अन्न भाकरी, कडधान्याची उसळ, कांदा आणि ऋतूप्रमाणे खजूर, असेच असते. तेव्हा अशा घराचा दिवस पिठापासून व पाण्यापासून सुरू होतो. धाकट्यांची तोंडे धुवावयाची. आणि तोंडे धुणे ही तेथे केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. धूळ व माश्या यांच्या योगे पसरणारा खुपरीचा नेत्रविकार त्या काळी इजिप्तमध्ये घरोघरी होता व त्याने कित्येकांची दृष्टी जाई. स्वच्छ पाणी व स्वतंत्र पंचा एवढ्याने पुष्कळ मुलांचे डोळे वाचतात, हे आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो. अशा घरात ते रोज सकाळी करावे लागते.

मग प्रार्थना, मग शाळा, मग काम. मोठ्या मुली धाकट्यांस सांभाळीत, शिवणटिपण व स्वयंपाक शिकत. मुलगे सुतारकीसारखे धंदे शिकत. यात काटकसर होती, तसाच दूरवरचा विचारही होता. अनाथगृहातील मूल एक दिवस बाहेर पडणार, आणि त्याच्या पाठीशी ना चुलता ना मामा. त्याच्या हातात जो धंदा असेल, तोच त्याचा वडिलोपार्जित ठेवा. १९१६ च्या सुमारास नदीच्या पूर्व तीरास जागा घेऊन घरे बांधावयास प्रारंभ झाला, तेव्हा पुरेसा पैसा नव्हता. म्हणून ट्रॅशरबाई व मुले यांनी मिळून स्वतः विटा पाडल्या. स्वतः पाडलेल्या विटांच्या भिंतीत राहणारे मूल आपणांस कोणाचे मिंधे मानीत नाही. हा लाभ पैशाने विकत घेता आला नसता.

ही मुले ट्रॅशरबाईंस 'मामा' म्हणत. आमच्या वाचकांस याचे हसू येईल, कारण आपल्या भाषेत मामा म्हणजे आईचा भाऊ. त्या मुलांच्या तोंडी तो शब्द आईचा होता.

पैसा कोठून येई?

आरंभीच्या दिवसांत तारा पोचविणाऱ्या एका मुलाने दिलेली किरकोळ रक्कम ही या घराची पहिली देणगी होय, असे सांगतात. पुढे ट्रॅशरबाई गाढवावर बसून आसपासच्या गावी जात व मुलांसाठी धान्य, कापड, पैसे मागून आणीत. आपल्याकडे एखाद्यास गाढवावर बसविणे म्हणजे त्याची धिंड काढणे होय. तिकडे मात्र ते गोरगरिबांचे साधे वाहन आहे, आणि आपल्या प्रभूनेही यरुशलेमेत प्रवेश करिताना तेच पसंत केले होते, याचे स्मरण ठेवावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. परदेशी सेवक म्हटला, की परदेशी पैसा, असा आपला समज असतो. अमेरिकेतून त्यांस साहाय्य येई खरे, परंतु या घराचा मोठा भार इजिप्तमधील लोकांनीच उचलला. कॉप्टिक जमीनदारांनी दिले, मुसलमान व्यापाऱ्यांनी दिले, आणि ज्या शेतकऱ्यांजवळ पैसा नव्हता त्यांनी धान्य दिले. मागणारी बाई परकी होती, पण मुले आपलीच आहेत, हे त्यांस कळत होते. परदेशातील सेवकाने पुढे केलेला हात त्या देशातील लोकांनी धरला, तरच त्याचे काम तेथे मूळ धरते.

संकटे

१९१९ च्या मार्चात इजिप्तमध्ये इंग्रजी अंमलाविरुद्ध मोठा उठाव झाला व असियूत येथेही दंगे उसळले. त्या दिवसांत ट्रॅशरबाईंनी मुलांस विटांच्या भट्टीत लपवून त्यांचे रक्षण केले. पुढे परकीयांनी तेथून निघावे, असा हुकूम झाल्यामुळे त्यांस काही काळ अमेरिकेस जावे लागले; परंतु परिस्थिती निवळताच त्या परतल्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १९४१ साली ग्रीस देश जर्मनांच्या हाती पडल्यामुळे तिकडे निघालेल्या रेडक्रॉसच्या एका जहाजाचा माल अलेक्झांड्रिया बंदरी उतरला, आणि त्यातील कपडे व दुधाची भुकटी असियूतच्या मुलांच्या वाट्यास आली. ज्यांनी त्या रात्री प्रार्थना केली होती, त्यांस यात देवाचा हात दिसला. आणि आम्हांसही तो दिसतो. मात्र दुसऱ्या सकाळी ती भुकटी पाण्यात कालवून कोणीतरी पेल्यांत ओतलीच, हेही विसरता कामा नये.

एक कठीण प्रश्न

येथवर जे लिहिले ते सर्वांस रुचेल. आता जे लिहावयाचे आहे ते थोडे कठीण आहे, परंतु ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९३३ साली पोर्ट सैद येथील एका मिशनच्या घरात एका मुसलमान अनाथ मुलीस ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या प्रश्नावरून छडीने मारण्यात आले. त्या बातमीने सारा देश खवळला. मिशनांच्या अनाथगृहांवर चौकशीची दृष्टी वळली, आणि असियूतच्या घरातूनही साठांहून अधिक मुसलमान मुले सरकारने काढून दुसरीकडे नेली. ज्यांस ट्रॅशरबाईंनी तान्हेपणापासून वाढविले होते, अशीही मुले त्यांत होती. तो वियोग त्यांस किती जड गेला असेल, याची कल्पना आईबापांस सहज येईल.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या समाजातील ते मूल, त्या समाजास असे वाटत होते, की आमच्या दारिद्र्यामुळे आमची लेकरे आमच्यापासून दुरावत आहेत. हे वाटणे खोटे म्हणून झिडकारता येत नाही. आम्ही ख्रिस्ती आहो. प्रभूच्या प्रीतीची साक्ष द्यावी, हे आम्ही आपले कर्तव्य मानितो. तरीही आमचे स्पष्ट मत असे आहे, की ज्यास भाकरीसाठी आपल्याकडे पाहावे लागते, त्या लेकरावर श्रद्धेची सक्ती करणे हा त्या प्रीतीचाच अपमान होय. छडीने कोणाच्याही अंतःकरणात देव शिरत नाही. उपाशी मुलाने दिलेला होकार हा होकारच नव्हे. अनाथाची सेवा करणाऱ्याने त्याची भाषा, त्याचे नाव, त्याचे नातेवाईक व त्याच्या घराण्याची आठवण ही त्याची मालमत्ता समजून जपावी. कारण त्याच्यापाशी दुसरी मालमत्ता नसते.

आजचे ज्ञान काय सांगते?

ट्रॅशरबाईंच्या आरंभकाळी मुलास अन्न, वस्त्र, छप्पर व शिक्षण मिळाले म्हणजे सर्व मिळाले, असा पुष्कळांचा समज होता. पुढे शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. १९५१ साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. त्याचे सार असे, की लहान मुलाच्या मनाच्या वाढीस अन्नाइतकीच एका स्थिर, मायाळू माणसाची आवश्यकता असते. माणसे वारंवार बदलत गेली तर मूल आतून खचते. त्यानंतर २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ दारिद्र्यामुळे मुलास आईबापांपासून तोडू नये. शक्य तोवर कुटुंबासच आधार द्यावा. आणि तान्ह्या मुलांस मोठ्या संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढवावे, असा त्यांचा रोख आहे.

या कसोटीवर असियूतचे घर घासून पाहिले तर काय दिसते? हजार मुलांची आई होणे कोणाही एका स्त्रीस शक्य नाही, आणि एवढे मोठे घर हे आज आपण आदर्श म्हणून पुढे ठेवणार नाही. तथापि दोन गोष्टींत ट्रॅशरबाईंची व्यवहारबुद्धी शास्त्राच्या पुढे गेली होती. पहिली ही, की त्यांनी विधवांस मुलांसह आश्रय दिला. ज्या मुलाचा बाप वारला आहे, त्याची आई उपाशी मरू दिली तरच ते पुरते अनाथ होते; आईस जगविले, तर अर्धे काम तेथेच झाले. आपल्या प्रांतातील वाचकांस यावरून पंडिता रमाबाईंचे स्मरण होईल. १९०० सालच्या दुष्काळात त्यांनी गुजराथेतून आणलेल्या शेकडो मुलींस केडगावी आसरा दिला, तेव्हा तेथेही विधवा व अनाथ एकाच अंगणात वाढत होत्या.

दुसरी गोष्ट ही, की ट्रॅशरबाई टिकून राहिल्या. त्या मायदेशी फार थोड्या वेळा गेल्या. ज्या मुलाने १९१५ साली त्यांचा पदर धरला, ते मोठे होऊन १९५० साली आपली मुले घेऊन भेटीस आले असते, तरी त्यास दार उघडावयास तीच 'मामा' सापडली असती. अलीकडे सुट्टीच्या चार आठवड्यांत परदेशातील अनाथगृहे पाहून, मुलांस खाऊ वाटून, त्यांच्यासमवेत छायाचित्रे काढून परत येण्याची प्रथा पडली आहे. हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या मुलास एकदा सोडून गेलेले आहे, त्यास माया लावून दर महिन्यास नव्याने सोडून जाणे ही त्याची सेवा होईल काय, याचा विचार जाणाऱ्यांनी करावा.

१७ डिसेंबर १९६१ रोजी असियूत येथे ट्रॅशरबाईंचे देहावसान झाले. त्या वेळी घरात हजाराहून अधिक मुले होती. ते घर आजही त्यांच्या नावाने चालू आहे.

तात्पर्य

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी सर्वांनी इजिप्तला जावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रत्येक शाळेच्या वसतिगृहात जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादा मुलगा रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडत असतो. प्रत्येक आळीत एखादे घर असे असते, की जेथला कर्ता पुरुष गेला आहे व मुलांची फी थकली आहे. त्या घरी एकदा जाऊन चार सांत्वनाचे शब्द बोलणारे पुष्कळ मिळतात. दर शनिवारी न चुकता जाणारा, मुलांचा अभ्यास घेणारा, आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळा आल्यावरही जाणारा क्वचित मिळतो. देवबापास अशा माणसांची फार गरज आहे, अशी आमची श्रद्धा आहे. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचे लक्षण सांगताना अनाथ व विधवा यांचे नाव प्रथम आले आहे, हे आपण जाणतोच.

पालकांस एवढीच विनंती, की आपल्या मुलामुलींस पाठ्यपुस्तकांबरोबर भाकरी भाजणे, बटण लावणे, आजाऱ्याजवळ जागणे व घरखर्चाची वही लिहिणे हेही शिकवावे. पुढे ती कोठेही गेली, तरी त्यांच्या कळवळ्यास हात फुटलेले असतील.

विचारार्थ प्रश्न

१. तीनशे माणसांच्या घरास एका वर्षात किती भाकरी लागतील, याचा हिशेब करा, आणि मग त्या कोण भाजील याचाही विचार करा.

२. दया व सेवा यांतील भेद स्वतःच्या पाहण्यातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. १९३३ सालच्या प्रकरणात त्या मुलीची, तिच्या समाजाची व ट्रॅशरबाईंची अशा तिन्ही बाजू थोडक्यात लिहा.

४. आपल्या आळीत आधाराची गरज असलेले मूल कोणते? त्याच्याकडे पहिल्यांदा कोण जाईल, आणि दहाव्यांदा कोण जाईल?